ज्याला वास येत नाही

बाभुळगाव यायच्या थोडं आधी, धामणगावच्या गाडीत, शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईनं धम्मरत्नच्या गालावर चापट मारली. जोरात नाही, उठत नसलेल्या लेकराला मारतात तशी; पण चापट ती चापट, आणि अर्ध्या गाडीनं ती पाहिली. त्यानं डोळे उघडले तेव्हा ती बाई, डोक्यावर पदर, हातभर बांगड्या, त्याच्या तोंडाशी तोंड आणून बघत होती. “दम घ्या सर,” ती म्हणाली. “घोरता घोरता तुमी गप झाले. म्हटलं आता घेतीन, मंग घेतीन. घेतच नाई. मले भेव लागलं.” तिनं आपलं नाव रुपीबाई सांगितलं, तांडा सांगितला, नातू त्यांच्याच शाळेत सातवीत आहे हेही सांगितलं, म्हणजे चापटीला ओळखीचा आधार झाला. कंडक्टर हसला. धम्मरत्नही हसला, चाळिशी उलटलेल्या भूगोलाच्या मास्तराला भर गाडीत चापट बसली की तो दुसरं करणार तरी काय. पण उतरून शाळेकडे चालताना गाल नाही, ते वाक्यच चुरचुरत राहिलं. दम थांबला होता. म्हणजे तेवढा वेळ आपण नव्हतो. गाडी चालली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन उभं होतं, बाई बघत होती, आणि आपण नव्हतो. वर्गात त्यानं मोसमी वाऱ्यांचा धडा काढला आणि वारे कमी दाबाकडे वाहतात एवढं सांगून तो थांबला. नाकातून वारा येतोय का ते बघायला त्यानं उगाच एक नाकपुडी दाबली, मग दुसरी. दोन्हीकडे भिंत. मागच्या बाकावरून कोणीतरी नाकात बोललं, आणि वर्ग हसला. पोरं त्याला गेंगाणे सर म्हणतात हे त्याला ठाऊक होतं. आडनाव बदलल्यासारखं ते आता अंगवळणी पडलं होतं.

नाक त्याचं लहानपणापासूनच असं. ज्याला त्याला वाटे, नाकाचं हाड वाढलं आहे. वऱ्हाडात निम्म्या लोकांच्या नाकाचं हाड वाढलेलंच असतं. औषधाच्या दुकानातली थेंबांची बाटली त्याच्या खिशात पेनासारखी असायची. थेंब घातले की घटकाभर बरं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. वास कधी गेला ते मात्र त्याला सांगता आलं नसतं. एखादा भाडेकरू रोज थोडं थोडं सामान हलवत घर रिकामं करतो आणि मालकाला पत्ता लागत नाही, तसं झालं. एकदा दूध करपून घरभर धूर झाला आणि हा गॅसजवळच पेपर वाचत बसलेला. बायको प्रेरणा धावत आली, भांडं आदळलं, आणि त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याला पहिल्यांदा कळलं, आपल्याकडे काहीतरी नाही. त्याला त्याचं फार दुःख झालं नाही. नसलेल्या गोष्टीचं दुःख करायला ती आठवावी लागते, आणि वास काही केल्या आठवत नाही. चेहरा आठवतो, आवाज आठवतो. वासाची फक्त गोष्ट आठवते. माय सरकारी दवाखान्यात आया होती, ड्युटीवरून आली की साबणानं हात धुवायची, आणि साबणाच्या खालून फिनाईल यायचं. ते हात तो हुंगायचा, हे त्याला आठवत होतं. फिनाईल कसं, ते नाही.

आणि मग मायला लकवा मारला. डावी बाजू गेली, जीभ राहिली. पाटीपुऱ्यातल्या घरात रस्त्याकडची खोली तिची झाली. पहिल्या आठवड्यात प्रेरणानं केलं सगळं, म्हणजे करायला गेली. दोनदा मोरीत जाऊन उलटी करून आली, डोळ्यांत पाणी, तोंडावर पदर. “मी वाईट नाई हो,” ती त्याला म्हणाली, “माह्या पोटालेच सहन होत नाई.” ती वाईट नव्हतीच. मायच्या पथ्याचं, गोळ्यांचं, कपड्यांचं तिनं कधी चुकवलं नाही. बहीण मोनाली नागपूरहून आली, खूप रडली, आणि मायचं अंथरूण बदलताना ओढणी नाकाशी घट्ट धरून राहिली. माय तेवढा वेळ डोळे मिटून पडली होती. मग एका सकाळी प्रेरणाच सहज बोलून गेली, “तुमाले तं वासच येत नाई.” त्यात टोमणा नव्हता, डावपेच नव्हता. पण त्या एका वाक्यात घराची वाटणी झाली. कोणी बैठक घेतली नाही, कोणी हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या आधी आणि शाळेनंतर भांडं, गरम पाणी, कपडे, पाठीच्या जखमांचं मलम, सगळं त्याचं. चार वर्षं झाली. त्याला काहीच जड गेलं नाही. तो मुकाट्यानं करायचा, नीट करायचा, तोंडाची रेघ हलायची नाही. शेजारचे किसनराव, बँकेतून निवृत्त झालेले, येता-जाता म्हणायचे, “असा पोरगा पाह्यला नाई मास्तर, नशीब लागते.” मोनाली फोनवर म्हणायची, “दादा, तू आहेस म्हणून.” बायका आपल्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायच्या. आणि त्याला ते आवडायचं, का नाही आवडणार? फक्त कधीतरी, मायची पाठ पुसताना, एक पाल चुकचुकायची. हे मी करतोय, की माझं बंद नाक करतंय? आंधळा माणूस अंधाराला भीत नाही म्हणून काय त्याला शूर म्हणायचं? तो विचार झटकून टाकायचा. पण पाल एकदा घरात शिरली की ती कुठेतरी असतेच.

रुपीबाईच्या चापटीनंतर प्रेरणानं त्याला बसू दिलं नाही. रात्री तिलाही ते ऐकू यायचं; इतके दिवस तिनं घोरण्याची तक्रार केली, थांबण्याची नाही, आणि आता ती थांबण्याला भ्यायली होती. कान-नाक-घशाच्या डॉक्टर दिपाली बाईंनी नाकात बारीक नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर त्याला त्याचंच नाक दाखवलं. ओलं, गुलाबी, अरुंद, एखाद्या गुहेत शिरावं तसं. “हाड वगैरे काही वाढलेलं नाही सर,” त्या म्हणाल्या, “हा मधला पडदा आहे, तो वाकडा आहे. आणि हे बघा.” वरच्या अंगाला सोललेल्या द्राक्षांसारखं काहीतरी दाटीवाटीनं लोंबत होतं. ते कोंब होते, पॉलिप, दोन्हीकडे. त्यांनी शांतपणे एकेक रस्ता सांगितला. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि औषधाचा स्प्रे, हा पहिला; ती थेंबांची बाटली मात्र आजपासून फेकून द्यायची, त्यानं आतलं मांस उलट सुजतं. नुसत्या नाकातल्या बाजूच्या मांसल पाळ्या फुगल्या असत्या तर त्या जाळून बारीक करता आल्या असत्या, छोटं काम होतं, पण त्याच्यासाठी ते पुरेसं नव्हतं. पडदा सरळ करायला लागेल, आतूनच, बाहेर टाका नाही. आणि दुर्बिणीतून हे कोंब काढून सायनसची तोंडं मोकळी करायची. कोंब पुन्हा येऊ शकतात, म्हणून स्प्रे सुटणार नाही. झोपेत दम अडकतो त्याची वेगळी तपासणी करू. नाक उघडल्यावर ते कमी होईल, पूर्ण जाईलच असं मी सांगत नाही, पण असं ठेवलंत तर हृदयावर येईल. “आणि वास,” डॉक्टर हसल्या, जणू मिठाई शेवटी ठेवली होती, “वास बहुतेक परत येईल.”

प्रेरणानं त्याचा हात दाबला. त्यानं मात्र विचारलं, “नुसता पडदा सरळ केला, अन् ते वरचे कोंब तसेच राहू दिले, तर?” डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. “तसे का ठेवायचे?” “म्हणजे श्वास येईल, पण वास...” तो अडखळला. “सर,” त्या म्हणाल्या, “लोक माझ्याकडे वासासाठी रडत येतात. वास नको म्हणणारे तुम्ही पहिलेच.” तो कसनुसा हसला. परतीच्या वाटेवर प्रेरणानं काहीच विचारलं नाही. तिला कळलं होतं की नव्हतं हे त्याला कळेना, आणि तिला विचारायचा धीरही होईना. त्याचं त्यालाच नीट ठाऊक नव्हतं तो कशाला भ्यायला आहे. कापायला नाही. भूल देतात त्याला नाही. उद्या नाक उघडलं आणि आपणही मोरीकडे धावलो तर? मग त्या खोलीत कोण जाणार? आणि चार वर्षं तिथं जात होता तो कोण होता?

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी घ्यायला सूज उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या. त्यानं काही होईल असं त्याला वाटलं नव्हतं. एका दुपारी परतीच्या गाडीत पुढच्या बाकावरच्या माणसानं तंबाखू मळला, आणि धम्मरत्नच्या डोक्यात काहीतरी टोचलं. तो दचकला. चुना-तंबाखू. मग डिझेल, मग कोणाच्या तरी पिशवीतले पेरू, मग घामेजलेल्या माणसांची अख्खी गाडी. एक बारीक फट पडली होती आणि तिच्यातून सगळं जग आत घुसत होतं, ढकलाढकली करत. पेरूनं त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं. पाटीपुरा येईतो तो लहान मुलासारखा हुंगत होता, भिजलेली माती, भजी, कोणाच्या घरची फोडणी. आणि मग घर आलं, ती खोली आली, आणि तो उंबऱ्यातच थांबला. आत माय होती. वासही होता. सडणाऱ्या, आंबट, उबट, जिवंत माणसाचा वास, औषधाखालून, पावडरीखालून. तो मागे फिरला आणि अंगणातल्या नळाशी जाऊन बसला. नळ सोडला, पाणी वाहत राहिलं. आतून मायनं हाक मारली, “धम्मा, आला का रे?” त्यानं नळ बंद केला. शेवटी तो गेला, श्वास कोंडून, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला घाईघाईनं पुसलं, जखमेवर हात जरा जोरात पडला. ती कण्हली नाही. एवढंच म्हणाली, “हात आज दुसऱ्याचाच वाटला तुहा.” त्या संध्याकाळी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं गोळ्या मोरीत टाकायला सुरुवात केली. नाक पुन्हा बुजलं. खोलीत पुन्हा काही नव्हतं, हात पुन्हा आपला झाला, आणि त्याला इतकं हायसं वाटलं की त्या हायसं वाटण्याचीच त्याला शरम वाटली.

अशा वेळी माणसाला नको ते आठवतं. त्याला दवाखान्याचा तो लांबलचक वॉर्ड आठवला. शाळेला सुट्टी असली की माय त्याला सोबत न्यायची, बाहेर बाकावर बसवायची. एकदा तो दारातून आत डोकावला होता. एक म्हातारा कुशीवर वळवलेला, आणि माय त्याची घाण काढताना तोंडाची टकळी चालवून राहिलेली. बाजारात वांगे कसे दिले, राळेगावची जत्रा किती भरली, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं. म्हातारा मधूनमधून हूं म्हणत होता. घरी येताना त्यानं विचारलं, माय, तू त्या आजोबाशी एवढं काहून बोलत होती? माय म्हणाली, “बोलत राह्यलं का तोंडानं दम घेता येते रे, वास लागत नाई. अन् त्या मानसालेबी वाटत नाई का आपल्याले कोनी धुऊन राह्यलं. त्याले वाटते, गोष्टी चालू हायेत.” आणि मग ती असंही म्हणाली होती, “जे मुकाट्यानं करते ना, त्याले एक तं वास येत नाई, नाईतं दया येत नाई.” हे शेवटचं वाक्य त्याला नेमकं आताच का आठवलं? चार वर्षं त्यानं मुकाट्यानं केलं होतं. चार वर्षं माय भिंतीकडे तोंड करून ते मुकाटपण ऐकत होती. तिला दोनातलं कोणतं वाटलं असेल?

त्यानं ऑपरेशन पुढे ढकललं. एकदा परीक्षेचं कारण, एकदा मोनालीला सुट्टी नाही. प्रेरणा बोलून बोलून थकली. शेवटी मायच बोलली. ती दोन घोट चहा घेऊन उशीला टेकली होती, आणि तो तिच्या पायांना तेल लावत होता. “कर ते आपरेशन,” ती म्हणाली. तो म्हणाला, करू, घाई काय. “मधात एक भिंत हाय फक्त,” ती म्हणाली. “तुहा दम अडकते तवा मले इकडं ऐकू येते. तू घेईपावतर माहाबी अडकलेला राह्यते. मी मेली तं चालते. तू माह्या आधी गेला तं मी कोनाले आवाज देऊ?” त्याचे हात थांबले. तो म्हणाला, “तुले करनारं कोन मंग...” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “मले समजते. सारं समजते मले. मी अख्खी नोकरी त्याच्यातच काढली. पन कर.” तिच्या आवाजात हुकूम होता, आणि हुकमाच्या खाली काहीतरी होतं जे त्यानं आजवर तिच्या आवाजात ऐकलं नव्हतं. भीती. ती त्याच्या नाकाला भीत होती. तो जसा भीत होता, तशीच. सगळ्या जगात एकच माणूस होता ज्याच्यासमोर तिला स्वतःची लाज वाटत नव्हती, आणि त्यालाच ती स्वतःच्या तोंडानं सोडत होती.

ऑपरेशन झालं. भुलीतून जागा झाला तेव्हा नाक आतून गच्च भरलेलं, आणि तो तोंडानं श्वास घेत होता, म्हणजे काहीच बदललं नव्हतं असंच त्याला वाटलं. घरी मोनाली आली होती, कामाला एक बाईही लावली होती. प्रेरणानं फोनवरून ऐकलेलं त्याला सांगितलं नाही, पण काहीतरी बिनसलंय हे तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं, मग त्यानं काढून घेतलं: माय जेवत नव्हती. पाणीसुद्धा घोटभर. काही खाल्लंच नाही तर कोणाला काही करावंच लागणार नाही, असा तिचा हिशेब होता. मग नाकातले बोळे काढले, डॉक्टरांनी आतला मळ ओढून साफ केला, आणि म्हणाल्या, घ्या श्वास. त्यानं घेतला. थंड हवा कपाळामागे कुठंतरी पोचली, जिथं ती कधी पोचलीच नव्हती. आणि व्हरांड्यातून येताना, कोणीतरी नुकतीच फरशी पुसली होती, तिथं तो एकदम उभा राहिला. हेच ते. हेच. साबणाच्या खालचं. तो भिंतीला हात लावून रडला, नाक शिंकरायचं नाही असं सांगितलेलं असूनही नाक वाहायला लागलं, आणि प्रेरणाला वाटलं, दुखतंय.

घराकडे येताना रिक्षात त्यानं वाक्य तयार केलं. खोलीत शिरला, तर माय वाळून गेलेली, डोळे तेवढे मोठे. त्या डोळ्यांनी तिनं त्याचं तोंड चाचपलं. “आला का वास?” तिनं विचारलं. “नाई अजून,” तो मुद्दाम नाकातच बोलला. “डाक्टर म्हनते, येईन नाईतं नाई येईन. दम मोकळा झाला, बस झालं.” त्यानं प्रेरणाकडून वरणभात कालवून आणला, घास घास भरवला, आणि ती जेवली, सगळं जेवली. डॉक्टरांनी वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. कामाची बाई अजून होतीच. पण ठरलेले दिवस गेले, बाईचा हिशेब झाला, मोनाली नागपूरला गेली, आणि एका सकाळी त्यानं गरम पाणी घेतलं, कपडे घेतले, दार लोटलं, आणि मायला कुशीवर, भिंतीकडे वळवलं.

आता फट नव्हती. आता सताड उघडं होतं. वास अंगावर आला, आणि मोरीचं दार त्याला पाठीमागे दिसल्यासारखं झालं. चार पावलं. कोणी काही म्हटलं नसतं. त्यानं तोंड उघडलं, तोंडानं श्वास घेतला, आणि ऐकलं की आपण बोलतो आहोत. “माय, तुले त्या बाईचं सांगतलं का? गाडीतल्या? धामनगाव गाडीत रे बाप्पा, मी झोपलेला, अन् ही बाई, रुपीबाई म्हनते नाव, तिनं माह्या थोबाडातच देल्ली एक. साऱ्या गाडीसमोर. कंडक्टर हासून राह्यला. अन् तिचा नातू माह्याच शाळेत, काल पाह्यलं त्याले, उंच झाला, भूगोलात ढ हाय...” कपडा पाण्यात बुडत होता, पिळत होता, हात सावकाश चालत होता, जखमेच्या कडेकडेनं. तो बोलत होता, बाजाराचं, पाण्याचं, पोरांनी ठेवलेल्या नावाचं, चार वर्षांत या खोलीत बोलला नव्हता तेवढं. आणि मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तो मध्येच थांबला. कपड्यातून पाणी ठिबकत होतं.

माय भिंतीकडे तोंड करून होती. तिची पाठ ताठ झाली होती, श्वाससुद्धा दिसेना. तिला कळलं होतं. जिनं त्याला हे शिकवलं तिला कळणार नाही तर कोणाला. तो उभा राहिला, हातात ओला कपडा. बाहेरून किसनराव कोणाला तरी दूध आलं का विचारत होते.

हळूहळू तिची पाठ सैल झाली. “मंग?” ती भिंतीला म्हणाली. “थांबला काहून? त्या बाईनं मारल्यावर तू काय म्हनलं?”

त्यानं कपडा पुन्हा पाण्यात बुडवला. “मी काय म्हनतो,” तो म्हणाला, “मी हासलो.”

“हूं,” माय म्हणाली.